तिसरा पेपर कितीचा होता

"उत्तर काढू नकोस," मी म्हटलं.

भरतेशनं मान हलवली आणि काढतच राहिला. वहीच्या कोपऱ्यात त्यानं पंचेचाळीसला तिनानं भागलं, पंधरा मुलगे, तीस मुली असं लिहिलं आणि पंधराला साठनं गुणायला घेतलं. मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"अगं, झालंच होतं की!"

"व्हायचंच नाहीये ते. गणित सोडव असं कुणी म्हटलंय तुला? सोडवता येईल का, एवढंच विचारलंय. परत वाच."

त्यानं परत वाचलं. वर्गातल्या मुलग्यांच्या गुणांची सरासरी साठ, मुलींची सत्तर, तर सगळ्या वर्गाची सरासरी किती? विधान एक, मुलींची संख्या मुलग्यांच्या दुप्पट आहे. विधान दोन, वर्गात एकूण पंचेचाळीस विद्यार्थी आहेत. यातलं कुठलं विधान उत्तराला पुरेसं आहे? पहिलं एकटं, दुसरं एकटं, दोन्ही मिळून, की दोन्ही मिळूनसुद्धा नाही?

"दोन्ही लागणार," भरतेश म्हणाला. "पोरं किती ते कळल्याशिवाय सरासरी कशी काढणार?"

"एक मुलगा घे, दोन मुली घे. साठ, सत्तर, सत्तर. किती?"

"दोनशे भागिले तीन."

"आता दहा मुलगे न् वीस मुली घे."

त्यानं तोंडातल्या तोंडात पुटपुटत हिशेब केला आणि माझ्याकडे बघून हसला. "तेच आलं की."

"वर्गात शंभर असू देत नाहीतर हजार, तेच येणार. पहिलं विधान एकटं पुरतंय. पंचेचाळीस नुसतं आपल्याला भुलवायला ठेवलंय."

आमचा हा अभ्यास चालायचा इचलकरंजीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या मार्गदर्शन केंद्रात. बँकांच्या परीक्षांची तयारी करून घेणारं हे केंद्र संस्थेनं जुन्या शाळेच्या मागच्या तीन खोल्यांत सुरू केलं होतं. भिंतीला लागूनच यंत्रमागांची शेड होती. धोटे तिकडे आदळायचे आणि इकडे आमच्या बाकावरचं पेन आपोआप घरंगळायचं. भरतेश मगदूम रुकडीहून एसटीनं यायचा. आकडेमोडीत त्याच्यासारखा वेगवान मुलगा मी आजवर पाहिलेला नाही. पण विधानांची ही गणितं आली, की तो गडबडायचा. दिसला आकडा की घाल वापरात, असा त्याचा स्वभाव. मला मात्र त्याच गणितांची गोडी होती. शिंपी कापड बघून सांगतो ना, यात सदरा होईल, नेहरूशर्ट होणार नाही, तसं ते काम. कात्रीला हात न लावता सांगायचं.

हे सगळं बावीस-तेवीस वर्षांपूर्वीचं. संस्था दर वर्षी केंद्रातल्या दोघांना सहा महिन्यांसाठी पुण्याला पाठवायची. तिथल्या मोठ्या वर्गात प्रवेश, राहणं, जेवण, सगळं संस्थेचं. त्याआधीच्या वर्षी गेलेले दोघंही बँकेत लागले होते. त्यामुळे आमच्या तीस-बत्तीस जणांत त्या दोन जागांसाठी नुसती झुंबड होती.

मला ती जागा जरा जास्तच हवी होती. विट्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. सुताचा व्यापार, घर बरं, मुलगा निर्व्यसनी. त्यांना वैशाखातच लग्न हवं होतं. आमचे आण्णा एका कारखान्यात जॉबर होते, मागांची दुरुस्ती बघायचे. अडलेला माग आवाजावरून ओळखायचे, आणि घरातही फारसं न बोलता सगळं चालवायचे. त्यांच्यापुढं उभं राहून मी जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं.

"पुण्याला निवड झाली तर सहा महिने थांबवा त्यांना."

आण्णा बराच वेळ पायातला काटा बघावा तसे जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "झाली तर सांगू."

"नक्की?"

"म्हटलं की. निवड झाली तर सांगू."

आईनं त्या रात्री माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीची भाकरीही वाढली. आण्णांनी शब्द दिला म्हणजे काम झालंच, असं आम्हा दोघींना वाटलं होतं.

निवड व्हायची ती तीन परीक्षांच्या सरासरीवर. पहिल्या दोन परीक्षांचे गुण केंद्राच्या फळ्यावर लागले. भरतेश दोन्हींत पहिला. मला पहिल्या पेपरात बहात्तर, दुसऱ्यात पंचाहत्तर. माझ्या खालोखालचा मुलगा बराच मागे होता, त्यामुळे दुसरी जागा माझी, असं सगळे उघड बोलायचे. तिसरा पेपर शिमग्याच्या आदल्या रविवारी झाला. या वेळी प्रश्नपत्रिकाही परत घेतल्या. गुण काही फळ्यावर लागले नाहीत. आठवडा गेला आणि एका दुपारी शिपायानं एकच कागद आणून चिकटवला. त्यावर नुसत्या अंतिम सरासऱ्या होत्या.

भरतेश मगदूम, अठ्ठ्याहत्तर. प्रताप इंगवले, चौऱ्याहत्तर. उज्ज्वला मुसळे, त्र्याहत्तर.

प्रताप इंगवले म्हणजे संस्थेचे कार्याध्यक्ष बाळासाहेब इंगवले यांचा पुतण्या. मुलगा वाईट नव्हता. मोटारसायकलवरून यायचा, मागच्या बाकावर बसायचा, सगळ्यांना चहा पाजायचा. अभ्यासाशी त्याचं भांडण नव्हतं, तशी फारशी ओळखही नव्हती.

कागदापुढे गर्दी होती. मी मागे उभी राहून माझं नाव तिसऱ्या ओळीत वाचलं. एका गुणानं! पुढच्या क्षणाला मात्र डोळे वरच्या ओळीवर अडकले. प्रतापचे आधीचे गुण मला पाठ होते, फळ्यावर महिनाभर होते ते. साठ आणि सत्तावन्न. दोन्ही मिळून एकशे सतरा. सरासरी चौऱ्याहत्तर यायची तर तिन्हींची बेरीज हवी दोनशे बावीस.

मी परत वजाबाकी केली. मग भरतेशची बाही धरून त्याला कोपऱ्यात ओढत नेलं.

"प्रतापला तिसऱ्या पेपरात किती पडले?"

"लावलेत कुठं गुण?"

"लावायला कशाला पाहिजेत? पहिले दोन माहीत आहेत, सरासरी माहीत आहे. काढ."

त्याला वही लागली नाही. ओठ हलले आणि थांबले. त्यानं डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं.

"एकशे पाच?"

"एकशे पाच."

"शंभरात एकशे पाच!" तो इतक्या मोठ्यानं हसला की गर्दीतले दोघं वळून बघायला लागले. "अगं, यांना सरासरीसुद्धा नीट खोटी काढता येईना! तुझे त्र्याहत्तर बघितले न् त्याचे चौऱ्याहत्तर लिहून टाकले. मागं वळून बघितलंच नाही कुणी!"

मग त्याचं हसू गेलं आणि कपाळाची शीर ताठ झाली. माझ्यापेक्षा तोच जास्त संतापला होता. "उद्या सरांकडं जायचं. मी येतो. पहिला नंबर माझा आहे, मी बोललो तर ऐकावं लागेल त्यांना. हे म्हणजे दिवसाढवळ्या…" एसटीत चढतानासुद्धा तो खिडकीतून ओरडला, "घाबरू नकोस गं! यात पळवाटच नाही!"

संध्याकाळी मी घरी सांगितलं. आई चुलीजवळून उठून आली. आण्णांना मी पाटीवर आकडे मांडून दाखवले. ते शिकले नव्हते फार, पण आकड्याला पक्के होते. त्यांनी एकदाच विचारलं, "पेपर शंभराचाच हुता?"

"तिन्ही शंभराचेच."

"अजून कुणाला ठावं हाय हे?"

"भरतेशला. तो येणारै उद्या माझ्याबरोबर."

आण्णांनी पाटी माझ्या हातात परत दिली. "मीबी येतो."

मी चाटच पडले. शाळेत असताना बक्षीस समारंभालाही न आलेला माणूस कार्यालयात येऊन माझ्या बाजूनं उभा राहणार होता. "पाळी संपली की कारखान्यातनं परस्पर येतो," ते म्हणाले. आईनं देवापुढं साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं हुपरीकर सरांच्या खोलीत गेलो. हुपरीकर सर केंद्राचे प्रमुख. गणित तेच शिकवायचे, आणि चांगलं शिकवायचे. विधानांची गणितं मी त्यांच्याकडूनच शिकले होते. खोलीत बाळासाहेब इंगवलेही बसलेले होते. पांढरे कपडे, पायाशी पानाची पिशवी. आण्णांनी दारातूनच त्यांना नमस्कार केला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. भरतेश खिडकीपाशी थांबला. सकाळपासून तो माझ्याशी धड बोलला नव्हता. मला वाटलं, भीती वाटत असेल. मलाही वाटतच होती.

"सर, प्रतापला तिसऱ्या पेपरात किती गुण आहेत?"

"ते गोपनीय असतं उज्ज्वला."

"मग मी सांगू?" मी एकेक आकडा मांडत गेले. साठ, सत्तावन्न, एकशे सतरा, दोनशे बावीस. शेवटचा आकडा मी हळूच उच्चारला. "एकशे पाच येतात, सर."

हुपरीकर सरांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यांना वजाबाकी करायची गरज पडली नाही. माझं बोलणं संपायच्या आत त्यांना कळलं होतं. आपल्या हातून काय राहून गेलं ते कळून त्यांची मान खाली गेली, आणि क्षणभर मला वाटलं, आता ते म्हणतील, चूक झाली.

इंगवल्यांनी सुपारी कातरायची थांबवली. "म्हणजे काय, हुपरीकर?"

"म्हणजे… साहेब, तिसरा पेपर…" सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तिसरा पेपर एकशे वीसचा होता."

"सर!" मी म्हटलं. "शंभरचा होता. शंभर प्रश्न होते."

"काही प्रश्नांना जादा गुण होते. सूचना दिली होती वर्गात. तू ऐकली नसशील."

"प्रश्नपत्रिका दाखवा ना मग."

"नष्ट केल्यात. तसा नियम आहे."

मला अजूनही धीर होता, कारण माझा माणूस खोलीतच होता. "भरतेश बसला होता पेपरला. त्याला विचारा."

इंगवले हसले. "विचारू की. पहिला आलेला पोरगा हाय. मगदूम ना रे तू? बोल. बिनधास्त बोल."

भरतेश बोलला नाही. बाहेर मागांचा खडखडाट चालू होता. तो खिडकीचा गज धरून उभा होता आणि त्याची बोटं पांढरी पडली होती.

"भरतेश, सांग ना," मी म्हटलं.

तेव्हा आण्णा भिंतीपासून पुढं झाले. त्याच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले आणि मऊ आवाजात म्हणाले, "बाळा, तू सांग. कितीचा हुता पेपर?"

"आठवत नाही, मामा."

"नीट आठीव."

"नाही आठवत."

त्याला पाढे आठवायचे, घनमुळं आठवायची, सहा महिन्यांपूर्वीच्या गणितातले आकडे आठवायचे. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हटलं, "बाकीच्या मुलांना बोलवा," पण तोवर आण्णांनी दोन्ही हात जोडले होते. "साहेब, पोरीचं चुकलं. तिला इरेसरी चढली. मनावर घेऊ नका." आणि माझ्याकडे वळून, "माग माफी."

"आण्णा?"

"माफी माग, उज्ज्वला."

आण्णा माझं पूर्ण नाव कधी घेत नसत. घरात मी उजू. मी हुपरीकर सरांकडे पाहिलं, ते टेबलावरचा डाग नखानं खरवडत होते. मग मी म्हणाले, "चुकलं, सर." ते दोन शब्द बोलताना मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. जड पुढे गेलं, वर्षानुवर्षं.

आण्णा माझ्यासाठी न थांबता पुढं निघून गेले. फाटकाशी प्रताप मोटारसायकलला टेकून उभा होता. त्याला सगळं कळलं असावं. मी खाली मान घालून जायला लागले तेव्हा तोच म्हणाला, "शंभरचाच होता पेपर."

मी थांबले.

"मला चाळीस-बेचाळीस पडले असतील फार तर," तो म्हणाला. "काकांना म्हटलं होतं मी, मला नाही जायचं पुण्याला."

"आत बोलावलं असतं तर सांगितलं असतंस हे?"

त्यानं खरंच विचार केला. "नसतं," तो म्हणाला. त्या दिवशी माझ्याशी खरं बोललेला तो एकटाच.

वैशाखात माझं लग्न झालं. भरतेश तोवर पुण्याला गेला होता. लग्नाला आला नाही, मी बोलावलंही नव्हतं. नवरा चांगला निघाला, हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं की अशा गोष्टीत तो वाईटच असणार. त्यानं मला सुताच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं, माझ्या सांगण्यावर व्यवहार केले. परीक्षेचं मी एकदा काढलं होतं. सासूबाई म्हणाल्या, आधी पाळणा हलू दे. पाळणा हलला, मग दुसरा, मग वयाची मर्यादा उलटली. एखादी गोष्ट नाही झाली म्हणून कुणी मरत नाही. मीही मेले नाही.

पण माझा भरतेशवरचा राग कमी झाला नाही. हुपरीकर सरांना मी मनातून माफ केलं होतं. नोकरी होती त्यांची. इंगवल्यांना माफ करायचा प्रश्नच नव्हता, त्यांनी मला कधी आपलं म्हटलं नव्हतं. भरतेशनं म्हटलं होतं. आपली जागा जाईल म्हणून त्यानं माझी घालवली, एवढंच गणित मी वर्षानुवर्षं मांडत आले. बँकेत अधिकारी होऊन तो एकदा विट्याच्याच शाखेत बदलून आला. एका दुपारी दुकानाच्या पायरीवर उभा. केस मागे गेलेले, हातात हेल्मेट.

"उज्ज्वला, मला एकदा बोलायचं होतं तुझ्याशी."

मी सुताची गाठोडी मोजत होते. मान वर न करता म्हटलं, "आपण कोण? मला आठवत नाही."

तो जरा वेळ थांबला. मी त्याला बस म्हटलं नाही, पाण्याचंही विचारलं नाही. वर्षभरात त्याची बदली झाल्याचं कुणाकडून तरी कळलं.

आई गेल्यावर आण्णा माझ्याकडेच राहायला आले. भावाकडे, सुनीलकडे, इचलकरंजीत जागा अपुरी होती आणि वहिनीशी त्यांचं पटेना. मी त्यांना माडीवरची उजेडाची खोली दिली. त्यांची पथ्यं, तपासण्या, चष्मे, कवळी, सगळं मी बघायची. नातवंडांत ते रमले. माझ्या थोरलीला, ईश्वरीला, त्यांनी स्वतः बसून पाढे शिकवले. पोरगी आकड्यांत तरबेज निघाली. गेल्या वर्षी तिनं बँकेच्या परीक्षा द्यायचं ठरवलं आणि पुण्याचा एक वर्ग निवडला. नवऱ्यानं एका शब्दानं अडवलं नाही.

तिला एसटीत बसवून आम्ही घरी आलो ती सकाळ मला आनंदाची होती. आण्णाही स्टँडवर आले होते, नातीच्या हातात खारीक-खोबऱ्याची पुडी देऊन डोळे पुसत होते. घरी येऊन मी चहा टाकला. नवरा दुकानात गेला. आण्णा स्वयंपाकघरातच खुर्ची ओढून बसले.

"वाघीण हाय पोरगी," ते म्हणाले. "नाव काढंल. तुझ्यावरच गेलीया."

"हो."

"तुझ्या टायमाला मीच आडवं आलो. तवाचा काळ न्यारा हुता."

मला वाटलं, लग्न लवकर केलं ते म्हणताहेत. "जाऊ दे आण्णा. तुम्ही थांबला होतात की निवडीपर्यंत. निवड झाली नाही त्याला तुम्ही काय करणार?"

ते हसले. म्हातारी माणसं जुना खोडकरपणा सांगताना हसतात तसं. "अगं, कशी हुणार? त्या मगदूमाच्या पोराला मीच सांगितलं हुतं की."

मी गॅस बंद केला. "काय सांगितलं होतं?"

"सकाळी पाळी मधीच सोडून आलो न् स्टँडवर गाठलं त्याला. रुकडीच्या गाडीतनं उतरताना. म्हटलं, बाळा, तुला पुण्याला जायचंय, तू जा. माझी पोरगी मला पाठवायची न्हाई. तू न् ती एका गावात सहा म्हैने, हितं लोक काय बोलतील? इट्याची माणसं थांबतील व्हय? निवड झाली तर मला शब्द पाळाय लागंल. तवा तू काय बोलू नगंस."

"आणि तो काय म्हणाला?"

"न्हाईच म्हणत हुता. लई वेळ न्हाईच म्हणाला. मग मी त्याच्या पायाला हात लावाय वाकलो. भर स्टँडावर. लावू दिला न्हाई त्यानं. रडलं पोरगं." आण्णांनी कप पुढं ओढला. "चांगल्या घरचं हुतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, पेपर शंभरचा होता ते."

"म्हाईत न्हाई व्हय? तू पाटीवर दावलं हुतंस की सगळं."

"आणि तरी सगळ्यांसमोर तुम्हीच त्याला विचारलंत. नीट आठव म्हणालात."

"इचाराय नगं? न्हाईतर तुला वाटलं असतं, बाप गप्प बसला."

मी ओट्याला टेकले. "तुम्ही त्याला खोटं बोलायला लावलंत, आण्णा."

"खोटं कुठं?" ते मनापासून चकित झाले. "पेपर एकशे वीसचा हुता म्हण, असं न्हाई म्हटलं मी. आठवत न्हाई म्हण, म्हटलं. त्यात काय खोटं?"

"आणि मला माफी मागायला का लावलीत?"

"इंगवल्यांशी वाकडं घिऊन ऱ्हाता येतंय व्हय त्या गावात? आणि काय वाईट झालं गं तुझं? घर बघ, दार बघ, लेकरं बघ." त्यांनी चहाचा घोट घेतला. "साखर कमी हाय."

मी साखरेचा डबा त्यांच्यापुढं ठेवला आणि माडीवर जाऊन त्यांचे कपडे पिशवीत भरायला लागले. आधीपासून काही ठरवलं नव्हतं. हातच चालले. धोतरं, बंड्या, कानटोपी, औषधांचा डबा. भरतेशची आठवण येत होती. मला वाटलं होतं, हे कळल्यावर त्याच्यावरचा राग तरी उतरेल. उतरला नाही. बावीस वर्षांचा मुलगा होता तो, बापाच्या वयाचा माणूस पायाशी वाकला होता, सगळं खरं. तरी त्याला एकच शब्द बोलायचा होता आणि तो त्याला आठवत होता. दुकानाच्या पायरीवर मी त्याला बोलू दिलं असतं तर कदाचित हे तेव्हाच कळलं असतं. मग आण्णांची सहा वर्षांची उस्तवार माझ्या हातून झाली नसती. कळलं नाही हेच बरं झालं की काय, तेही मला ठरवता येईना.

दुपारी नवरा जेवायला आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "म्हातारं माणूस आहे. जुनं झालं आता. जाऊ दे."

"तुम्ही सोडून येता का मी नेऊ?"

माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं गाडीची किल्ली घेतली. सुनीलला मी फोनवर एवढंच म्हटलं, की आता तुझी पाळी. वहिनीनं फोन ओढून घेऊन विचारलं, अचानक काय झालं? मी म्हटलं, त्यांनाच विचार.

आण्णा पायऱ्या उतरताना परत परत वळून बघत होते. "उजू, माझं काय चुकलं ते तरी सांग की." ते नाटक करत नव्हते. त्यांना खरोखर कळत नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर शाल नीट केली, गाडीचं दार लावलं आणि आत आले.

भावकीत माझं नाव झालं. म्हातारपणी बापाला लेकीनं बाहेर काढलं, असं बोलतात. आण्णाही तसंच सांगतात, सांगताना रडतात. ईश्वरीनं पुण्याहून फोन करून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, तू अभ्यास कर.

महिन्यातून एकदा मी इचलकरंजीला जाते. त्यांना डॉक्टरांकडे नेते, पायाची नखं काढते, कारण वहिनी ते करत नाही. ते मुकाट्यानं पाय पुढं करतात. मग जरा वेळानं, मी खाली मान घालून बसलेली असताना, विचारतात, "आजून राग गेला न्हाई व्हय गं?"

"नाही," मी म्हणते, आणि दुसरा पाय मांडीवर घेते.